भाकरीच्या चवडीतले विज्ञान : डॉ. एस. चंद्रशेखर

ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, रक्तदाबाचे घरगुती यंत्र, रक्तातील साखर तपासणारा ग्लुकोमीटर. या उपकरणांच्या छोट्या पडद्यावर बहुधा जे काळे आकडे उमटतात, ते द्रवस्फटिकांमुळे. द्रवस्फटिक म्हणजे पाण्यासारखा वाहणारा, पण आतले रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळणारा पदार्थ. या विषयात भारताचे नाव जगभर पोहोचवणारे शास्त्रज्ञ नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी होते. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये आजही त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कोलकात्यात झाला. आई सीतालक्ष्मी या सर सी. व्ही. रामन यांच्या भगिनी. ताऱ्यांवरील संशोधनासाठी १९८३ मध्ये नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे. ते रामन यांचे पुतणे, तर हे भाचे. घरातच विज्ञान होते. थोरले बंधू रामशेषन स्फटिकांचे अभ्यासक, तर धाकटे पंचरत्नम् प्रकाशविज्ञानातले नावाजलेले संशोधक.

१९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) परीक्षेत चंद्रशेखर पहिले आले. नंतर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मामांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्फटिकांतून जाणारा प्रकाश कसा वळतो याचा अभ्यास केला. १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. शिष्यवृत्ती घेऊन ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले आणि तिथे दुसरी डॉक्टरेट मिळवली. लंडनमध्ये काही काळ काम करून १९६१ मध्ये ते भारतात परतले. म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता, त्याचे ते पहिले प्रमुख झाले. द्रवस्फटिकांचे वेड लागले ते इथेच.

हा विषय तेव्हा नवा नव्हता, पण मागे पडलेला होता. १८८८ मध्ये रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. आधी तो गढूळ द्रव झाला आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ. ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. त्याचे प्रकार समजायला शेतातली उपमा पुरेशी आहे. पऱ्हाट्या एकाच दिशेने टाकल्या, पण मागेपुढे कशाही सरकलेल्या असल्या, तर ती 'नेमॅटिक' रचना. आकड्यांच्या पडद्यांत ती वापरतात. विजेचा सौम्य दाब दिला की रेणू वळतात, प्रकाश अडतो आणि काळी रेघ दिसते. त्याच पऱ्हाट्या समान लांबीच्या कापून थरावर थर उभ्या रचल्या, तर ती 'स्मेक्टिक'. साबणदाणीच्या तळाशी साचणारा बुळबुळीत गोळा अशाच थरांचा असतो. एक थर दुसऱ्यावरून सहज घसरतो, म्हणून तो हाताला निसरडा लागतो. आपल्या पेशींचे आवरणही स्निग्ध रेणूंच्या अशाच दोन थरांचे असते. ते लवचीक राहते आणि तरीही फाटत नाही, ते या रचनेमुळेच.

१९७१ मध्ये चंद्रशेखर यांना रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारण्यासाठी बोलावणे आले. रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ त्यांनी एकाच छताखाली आणले. नवा रेणू तिथेच बनवायचा आणि तिथेच तपासायचा, अशी ती व्यवस्था होती. तोवर जवळपास नव्वद वर्षे एक समज पक्का होता, की द्रवस्फटिक व्हायचे तर रेणू काडीसारखा लांबट हवा. चपट्या, चकतीसारख्या रेणूंना ही शिस्त जमेल का, हा प्रश्न चंद्रशेखर यांनी धरून ठेवला.

बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह त्यांनी बेंझिनच्या कड्याला चहूबाजूंनी सहा लांब शेपट्या जोडलेले रेणू घेतले. तापवल्यावर या पदार्थातही ती मधली अवस्था दिसली. क्ष-किरणांनी पाहिले तर चकत्या एकीवर एक बसलेल्या, जणू भाकऱ्यांची चवड. आणि अशा असंख्य चवडी शेजारीशेजारी उभ्या. द्रवस्फटिकांची एक नवी जातच सापडली होती. हा शोध १९७७ मध्ये 'प्रमाण' या भारतीय शोधपत्रिकेत छापून आला. परदेशी पत्रिकेचा शिक्का नसतानाही जगाने त्याची दखल घेतली आणि अनेक देशांत या रेणूंवर काम सुरू झाले. त्याच वर्षी केंब्रिजने त्यांचा द्रवस्फटिकांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

या शोधाचा उपयोग पुढे रोजच्या वापरात आला. जुन्या सपाट पडद्यांकडे बाजूने पाहिले की चित्र फिकट किंवा उलटे दिसे. चकतीच्या रेणूंचा पातळ पापुद्रा पडद्यावर बसवल्यावर हा दोष बराच कमी झाला. जपानमध्ये १९९० च्या दशकात असे पापुद्रे बाजारात आले.

१९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. वयाच्या साठीनंतर, १९९१ मध्ये त्यांनी बंगळूरमध्ये द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू केले. १९९४ मध्ये रॉयल पदक आणि १९९८ मध्ये पद्मभूषण मिळाले. ८ मार्च २००४ रोजी बंगळूरमध्ये त्यांचे निधन झाले.

रेणूंची शिस्त आज औषधांनाही सांभाळते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत ज्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले, त्यात औषध स्निग्ध थरांच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेले असते. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी होतो. हे औषध चंद्रशेखर यांचे नव्हे, पण त्यामागची थरांची रचना त्यांच्याच अभ्यासाच्या कुळातली. पुस्तकात छापलेला नियम पुन्हा तपासायला फार मोठे यंत्र लागत नाही. नागपूर विद्यापीठात शिकलेल्या या माणसाने भारतातच राहून ते करून दाखवले. आज वर्ध्याच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हे नाव ओळखीचे करून घ्यावे.