पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात झाला. वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे व आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळी मुलींना संस्कृत शिकवत नसत. पण वडिलांनी आईला शिकवले आणि आईने रमाला शिकवले. रमाला हजारो श्लोक तोंडपाठ झाले. आम्हाला तर एक कविता पाठ करायला आठ दिवस लागतात.

हे कुटुंब पुराण सांगत तीर्थाच्या गावोगाव पायी फिरे. १८७४ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. खायला काही मिळेना. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई गेली, बहीण पण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. चालत चालत ते १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वान लोकांनी रमाला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. रमाबाईंचे लग्न झाले, पण १८८२ साली पतीही पटकीने वारले. पदरात लहान मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्या वर्षी पुण्याला नेले. इथल्या मुली ख्रिस्ती होतील म्हणून लोक रागावले. १८९३ साली बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी सदन बंद केले नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले मायबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बाया घेऊन आल्या. एवढ्यांना रोज जेवू काय घालायचे? इतक्या शिकलेल्या बाई, पण आपल्या हुशारीवर विसंबल्या नाहीत. गुडघे टेकून लेकरासारखे देवाजवळ मागत. मागून नुसत्या बसत नव्हत्या बरे! केडगावला जमीन होती, तिथे विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. आंधळ्या बायांना बोटांनी वाचायला मनोरमाने शिकवले. हेच मुक्ती मिशन. लातूरहून आगगाडीने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून अजून मुली आल्या. सगळ्या मिळून दीड हजारांवर झाल्या. माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दीड हजार ताटे म्हटल्यावर ती गप्पच बसली.

जुने मराठी बायबल साध्या बायांना कळत नव्हते. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि सोप्या मराठीत बायबल लिहू लागल्या. १९२१ साली मनोरमा वारली. आईला लई दुःख झाले, पण त्यांनी काम सोडले नाही. शेवटची पाने तपासून होतात न होतात तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. ते बायबल मुक्ती मिशनच्या बायांनीच छापून पुरे केले.

इयत्ता ४ थी