चर्चला हादरवणाऱ्या मार्टिन ल्युथरचा संसार एका पळून आलेल्या ननने उभा केला होता

वसईतल्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात, तर तिथले फादर अविवाहित असतात. नगर किंवा सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेलात, तर तिथल्या पाळकांना बायको असते, मुलंबाळं असतात.

येशू तोच, क्रूसही तोच. मग हा फरक आला कुठून?

त्याचं उत्तर शोधायला ५०० वर्षं मागे, जर्मनीतल्या विटेनबर्ग नावाच्या छोट्या गावात जावं लागतं. तिथे एका मोडकळीला आलेल्या मठात एक जोडपं राहत होतं. नवरा एकेकाळचा संन्यासी, बायको एकेकाळची नन.

नवऱ्याचं नाव शाळेच्या इतिहासात सगळ्यांनी वाचलेलं असतं, मार्टिन ल्युथर. पैसे घेऊन पापाची माफी देण्याच्या पद्धतीवर १५१७ मध्ये ९५ मुद्दे काढून त्याने पोपला आव्हान दिलं होतं. बायकोचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. ती म्हणजे कॅथरीना फॉन बोरा.

कॅथरीनाचा जन्म १४९९ चा. घराणं नावाला सरदारांचं, पण हातात पैसा नव्हता. आई लवकर गेली आणि वडिलांनी पोरीला पाच-सहा वर्षांची असतानाच शिकायला मठात ठेवलं. पुढे तिला निम्बशेनच्या मठात पाठवलं आणि १५१५ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, ती रीतसर नन झाली. तिला नन व्हायचं आहे का, हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

तोवर ल्युथरची पुस्तकं गुपचूप मठांमध्येही पोचायला लागली होती. ब्रह्मचर्याची शपथ देवाने मागितलेली नाही, लग्न करून संसार करणं हेही देवाचंच काम आहे, असं तो लिहीत होता. निम्बशेनच्या काही नन्सनी हे वाचलं आणि थेट ल्युथरकडेच सुटकेसाठी मदत मागितली.

ल्युथरने हे काम दिलं लिओनहार्ड कोपे नावाच्या व्यापाऱ्याला. हा कोपे मठाला हेरिंग मासे पुरवायचा, त्यामुळे त्याची गाडी मठाच्या दारात दिसली तरी कुणाला संशय येणार नव्हता. १५२३ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याच्या गाडीतून १२ नन्स पळाल्या. त्या माशांच्या पिंपांत लपल्या होत्या, अशी गोष्ट लोक आजही सांगतात. पिंपांचं खरंखोटं सोडा, पण धोका खरा होता. मठातून नन पळवणाऱ्याला त्या काळी मृत्युदंड होऊ शकत होता.

त्यातल्या काही जणी आपापल्या घरी गेल्या. ज्यांना घरचे परत घेणार नव्हते, अशा नऊ जणी विटेनबर्गला आल्या. आता त्यांचं काय करायचं? नोकरी नाही, पैसा नाही, माहेर नाही. त्या काळात बाईला दोनच जागा होत्या, नवऱ्याचं घर किंवा मठ. ल्युथर त्यांच्यासाठी स्थळं शोधायला लागला.

एकेकीचं जमत गेलं. राहिली फक्त कॅथरीना. न्युरेंबर्गच्या एका श्रीमंत घरातल्या मुलाशी तिचं जुळत होतं, पण पळून आलेली नन सून म्हणून त्याच्या घरच्यांना चालेना. मग एका पाळकाचं स्थळ आलं, ते तिने स्वतः नाकारलं. ल्युथरच्या एका मित्राला तिने सरळ निरोप दिला की लग्न करीन तर तुमच्याशी, नाहीतर ल्युथरशी.

१३ जून १५२५ ला दोघांचं लग्न झालं. तो ४१ वर्षांचा, ती २६ ची.

लग्न करणारा ल्युथर हा काही पहिला धर्मगुरू नव्हता. त्याच्या ओळखीच्या काही जणांनी आधीच लग्नं केली होती. पण तो सगळ्यात जास्त गाजलेला होता. पोपने त्याला धर्मातून काढलं होतं, सम्राटाने त्याला कायद्याबाहेर ठरवलं होतं. त्याच्या अंगणात काय चाललंय याकडे सगळ्या युरोपचं लक्ष होतं.

आणि लोक काय बोलत होते? त्या काळात अशी एक समजूत होती की संन्यासी आणि नन यांच्या पोटी ख्रिस्तविरोधी, म्हणजे जगाचा नाश करणारा राक्षस जन्माला येईल. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कॅथरीनाला दिवस गेले. ७ जून १५२६ ला बाळ झालं. धडधाकट, चारचौघांसारखं. आजोबांच्या नावावरून नाव ठेवलं हान्स.

संसार सुरू झाला त्याच जुन्या मठात. संन्यासी निघून गेले होते आणि राजाने ती इमारत ल्युथरला राहायला दिली होती. सुमारे ४० खोल्या, आणि त्यात एकटा पुरुष. त्याचं पेंढ्याचं अंथरूण वर्षभर कुणी झटकलंसुद्धा नव्हतं, अशी त्याची स्वतःचीच कबुली आहे.

पैशाच्या बाबतीत तर आनंदच होता. विद्यापीठाचा पगार वर्षाला २०० गुल्डन. पुस्तकं युरोपभर विकली जायची, पण ल्युथर त्याचा मोबदला घ्यायचा नाही. दारात कुणी मागायला आलं की मात्र हात सैल. एकदा तर घरातले चांदीचे पेले गहाण टाकायची वेळ आली.

इथे कॅथरीनाने पदर खोचला.

मठाला बिअर बनवायचा जुना परवाना होता, तो तिने पुन्हा वापरात आणला. भाजीचे मळे घेतले. गायी, डुकरं, कोंबड्या पाळल्या, तळ्यात मासे सोडले. रिकाम्या खोल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासकट भाड्याने दिल्या. पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा, म्हणून ल्युथरने तिला विटेनबर्गची पहाटचांदणी असं नाव ठेवलं होतं. पत्रात तर तो बायकोला चक्क मालक म्हणायचा. चेष्टा होती, पण त्यात खोटं काही नव्हतं.

साडेआठ वर्षांत तिला सहा मुलं झाली. हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पॉल आणि मार्गारेथ. शिवाय दोन्हीकडच्या नात्यातली पोरकी मुलं घरात होती. कॅथरीनाची माग्दालेना आत्या, जी स्वतः निम्बशेनची नन होती, तीही इथेच राहायची आणि पोरं सांभाळायची. भाड्याचे विद्यार्थी, आश्रयाला आलेले पाहुणे, विधवा, नोकरचाकर, सगळे मिळून रोजच्या पंगतीला ३०-४० पानं सहज उठायची. १५४२ मध्ये एका राजपुत्राला तिथे मुक्काम करायचा होता, तर त्याच्या माणसाने कळवलं की या घरात एवढा गोंगाट असतो की तिथे न उतरलेलंच बरं.

या गोंगाटातच ल्युथरचं लिखाण चालायचं. लग्नाच्या तीन वर्षं आधीच त्याने एक मुद्दा मांडला होता. बाप बाळाची दुपटी धुतो म्हणून लोक हसतात, पण देव ते पाहून खूश होतो. म्हणजे भक्ती फक्त मठातल्या प्रार्थनेत नसते, रात्री रडणारं मूल खांद्यावर घेण्यातही असते. संन्यासी असताना हे लिहिणं सोपं होतं. आता रात्री खरीच मुलं रडत होती.

१५२९ मध्ये, हान्स तीनेक वर्षांचा असताना, ल्युथरने एक छोटंसं पुस्तक काढलं. नाव लघु कॅटेकिझम, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरी. दहा आज्ञा, श्रद्धेची कबुली, येशूने शिकवलेली प्रार्थना आणि प्रत्येकापुढे लहान मुलाने विचारावा तसा प्रश्न, याचा अर्थ काय? सकाळी उठल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना म्हणायच्या प्रार्थनाही त्यातच. हे पुस्तक फक्त पाळकांसाठी नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसाने घरातल्यांना ते शिकवावं अशी त्याची मांडणी होती. परवचा म्हणून घेतात ना, तसंच. धर्मशिक्षण चर्चमधून उचलून स्वयंपाकघराच्या टेबलावर आणलं गेलं ते असं.

घरात गाणंही होतं. नाताळला मुलांनी म्हणावं म्हणून ल्युथरने एक गाणं रचलं आणि त्याला लोकांच्या तोंडी असलेल्या एका उखाण्याच्या गाण्याची चाल लावली. टोल्पेल नावाचा एक कुत्रा होता. मांसाच्या तुकड्याकडे एकटक बघणाऱ्या त्या कुत्र्याकडे बोट दाखवून ल्युथर म्हणायचा की प्रार्थना अशी एकचित्ताने करता आली पाहिजे.

१५३० मध्ये ल्युथरला कामासाठी काही महिने कोबुर्गच्या किल्ल्यात राहावं लागलं. तिथून त्याने चार वर्षांच्या हान्सला पत्र पाठवलं. त्यात एका सुंदर बागेची गोष्ट होती, जिथे शहाणी मुलं झाडाखालची सफरचंदं वेचतात आणि सोन्याचा लगाम असलेल्या छोट्या घोड्यांवर बसतात. त्याच दिवसांत ल्युथरचे वडील गेले. कॅथरीनाने त्याला एक वर्षाच्या माग्दालेनाचं चित्र काढून पाठवलं होतं. ते त्याने जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावलं.

पण सगळं गोडच नव्हतं. १५२७ मध्ये गावात प्लेग आला. विद्यापीठ गाव सोडून गेलं, ल्युथर-कॅथरीना थांबले. कॅथरीना गरोदर, कडेवर वर्षाचा हान्स, आणि घराचा दवाखाना झालेला. त्या डिसेंबरात जन्मलेली एलिझाबेथ आठ महिन्यांची होऊन गेली. १५४० मध्ये गर्भपात होऊन कॅथरीना स्वतः मरता मरता वाचली.

सगळ्यात मोठा घाव बसला १५४२ मध्ये. चित्रातली ती माग्दालेना आता १३ वर्षांची होती. ती आजारी पडली आणि बरी होईना. शिकायला टोरगाऊला असलेल्या हान्सला बहिणीसाठी बोलावून घेतलं. २० सप्टेंबरला माग्दालेनाने बापाच्या हातात जीव सोडला. आई त्याच खोलीत होती, पण रडण्यामुळे तिला पलंगाजवळ उभं राहवत नव्हतं. मरण म्हणजे देवाकडे जाणं, हे आयुष्यभर शिकवणारा ल्युथर स्वतःलाच तेवढं समजावू शकला नाही. त्याने मित्राला तसं लिहूनही कळवलं.

त्याच वर्षी जानेवारीत ल्युथरने मृत्युपत्र केलं होतं. त्यात त्याने त्या काळाला न पटणारी गोष्ट लिहिली. घर, शेत आणि चीजवस्तू सगळं कॅथरीनाला. मुलांचा पालक म्हणून कुणी पुरुष नेमायचा नाही, मुलांची आई तीच त्यांची पालक. गंमत बघा, बाईची जागा घरात आहे असंच मानणारा हा माणूस. पण ते घर कोण चालवतं हे त्याने १७ वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याची एक चूक मात्र झाली. वकिलांवर विश्वास नसल्याने त्याने मृत्युपत्र कायद्याच्या चौकटीत बसवलंच नाही.

१८ फेब्रुवारी १५४६ ला ल्युथर आयस्लेबेनला वारला, तेव्हा कॅथरीना विटेनबर्गला होती. दुःख ओसरायच्या आत कागदपत्रं निघाली. सॅक्सनीच्या कायद्याने विधवा अशी सगळ्याची वारस होऊ शकत नव्हती, आणि मुलांना पुरुष पालक हवाच होता. राजाचा जुना चॅन्सलर ग्रेगोर ब्र्युक याने सल्ला दिला की एवढा मोठा बारदाना बंद करा आणि मुलगे वेगवेगळ्या ठिकाणी शिकायला ठेवा. त्याच्या नजरेत ती उधळी आणि हेकट बाई होती.

कॅथरीना अडून बसली. राजाने मृत्युपत्रातला बराचसा भाग मान्य केला, पण पालक नेमलेच. तरी मुलं तिने स्वतःपासून तुटू दिली नाहीत, आणि ब्र्युकचा विरोध असताना मुलांसाठी आणखी एक शेत विकत घेतलं.

ते शेत फार दिवस सुखाने पिकलं नाही. त्याच वर्षी युद्ध पेटलं. मुलांना घेऊन तिला दोनदा पळावं लागलं. परत आली तेव्हा शेतं उजाड झाली होती, जनावरं गेली होती. तिने कर्ज काढलं, पुन्हा विद्यार्थी ठेवले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१५५२ मध्ये विटेनबर्गला परत प्लेग आला. धाकट्या पॉल आणि मार्गारेथला घेऊन ती टोरगाऊकडे निघाली. वाटेत घोडे उधळले, ती गाडीतून थंड पाण्याच्या चरात पडली. तीन महिने अंथरुणाला खिळून २० डिसेंबरला ती गेली. वय ५३. पाच वर्षांची असताना जिला मठात सोडलं होतं, तिने स्वतःची मुलं शेवटच्या प्रवासापर्यंत सोबत ठेवली.

पुढे पॉल नावाजलेला डॉक्टर झाला, राजघराण्यांचा वैद्य म्हणून राहिला. आणि पाळकाचं भरलेलं घर ही गोष्ट प्रोटेस्टंट जगात इतकी रुळली की तिची सुरुवात कुठे झाली हे कुणी विचारेनासं झालं.

ल्युथर जेवताना जे बोलायचा ते विद्यार्थी लिहून घ्यायचे, त्याचं पुढे जाडजूड पुस्तक निघालं. त्याची बायकोला लिहिलेली पत्रंही जपली गेली. तिने त्याला लिहिलेलं एकही पत्र मात्र आज उरलेलं नाही. तिची जी थोडी पत्रं हाती लागतात, त्यातली बरीचशी विधवेची आहेत. त्यातल्या एका पत्रात ती डेन्मार्कच्या राजाकडे मदत मागते, मुलांच्या खर्चासाठी.