ॲडम फेथ : गाण्याच्या आडवाटेने पडद्याकडे

गाण्यात नाव झाले की सिनेमात चेहरा चालवून पाहायचा, ही पॉप गायकांची नेहमीची रीत. ॲडम फेथ यांचे मात्र उलटे होते. त्यांना मुळात सिनेमाच हवा होता. गाणे मध्येच आले. लंडनच्या ॲक्टन भागात २३ जून १९४० रोजी जन्मलेल्या टेरी नेल्हॅम्सवर जेम्स डीनची मोहिनी पडली आणि त्याने चित्रपट-संकलनाच्या खात्यात उमेदवारी पत्करली. सोहोतील टू आइज कॉफी बारमध्ये स्किफल गाणे हा फावल्या वेळचा छंद. निर्माते जॅक गुड यांनी त्याला ‘ॲडम फेथ’ हे नाव सुचवले. पण पहिल्या तबकड्या पडल्या आणि स्वारी मुकाट संकलनाकडे परतली.

डिसेंबर १९५९ मध्ये ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. जॉन बॅरी यांनी छेडवलेली तारवाद्ये आणि फेथ यांचा उचकी लागल्यासारखा स्वर तरुणांना भावला. लगोलग १९६० मध्ये ‘बीट गर्ल’ आणि पीटर सेलर्स यांच्यासोबतचा ‘नेव्हर लेट गो’ आला. निर्मात्यांना तेव्हा नटापेक्षा लोकप्रिय चेहऱ्याची गरज अधिक असावी.

बीटल्सच्या लाटेत ती लोकप्रियता ओसरली. जुन्या गाण्यांवर दिवस काढणे सोपे होते. फेथ यांनी त्याऐवजी नाट्यसंस्थांतून श्रीगणेशा गिरवला. १९६८ मध्ये ‘नाइट मस्ट फॉल’ या नाटकात ते ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांच्यासमोर उभे राहिले. त्या तालमीचे फळ म्हणजे १९७१-७२ मधील ‘बजी’ ही दूरचित्रवाणी मालिका. त्यातला नेहमी तोंडघशी पडणारा भुरटा चोर घराघरांत पोहोचला.

१९७३ च्या मोटार अपघातात पाय जाता जाता वाचला. पुढच्याच वर्षी ‘स्टारडस्ट’मध्ये त्यांनी रॉक गायकाचा धूर्त व्यवस्थापक रंगवला. गायकाच्या भूमिकेत डेव्हिड एसेक्स होते, पण लक्षात राहतात ते फेथ. त्यांना ब्रिटिश अकादमीचे सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले. विशेष म्हणजे त्याच काळात ते लिओ सेयर या गायकाचे प्रत्यक्षात व्यवस्थापक होते!

पैशाचा नाद मात्र महागात पडला. त्यांची ‘मनी चॅनेल’ ही वाहिनी २००१ मध्ये बंद पडली, २००२ मध्ये दिवाळखोरी आली. हृदयावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असतानाही ते नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील प्रयोग आटोपून ते हॉटेलवर आले आणि ८ मार्च २००३ च्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेले.