घोड्यांसाठी अंथरलेली धावपट्टी

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जिम हाइन्सने शंभर मीटरचे अंतर ९.९५ सेकंदांत कापले, तेव्हा त्याच्या पायांखाली कोळशाची भुकटी नव्हती. ऑलिम्पिकच्या इतिहासात प्रथमच धावपटू कृत्रिम पृष्ठभागावर धावत होते. ‘टार्टन’ हे त्या पृष्ठभागाचे नाव. आपल्याकडील क्रीडाक्षेत्रातही अशा कुठल्याही सिंथेटिक धावपट्टीला सर्रास ‘टार्टन ट्रॅक’ म्हटले जात असे. परंतु ही धावपट्टी मुळात माणसांसाठी तयार झालेली नव्हती. ती घोड्यांसाठी होती आणि तिच्यामागे अमेरिकेतील एका वयोवृद्ध उद्योगपतीचा ध्यास होता. विल्यम लेस्टर मॅक्नाइट हे त्यांचे नाव.

११ नोव्हेंबर १८८७ रोजी दक्षिण डाकोटातील व्हाइट या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात मॅक्नाइट जन्मले. शेतीत त्यांचे मन रमले नाही. हिशेबनीस होण्यासाठी ते मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात आले आणि १९०७ मध्ये मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीत साहाय्यक हिशेबनीस म्हणून लागले. हीच पुढे जगभर गाजलेली ‘थ्री एम’. त्यावेळी मात्र ती बुडण्याच्या बेतात होती. १९०२ मध्ये ज्या खनिजाच्या भरवशावर ती स्थापन झाली, ते घासकामाला उपयोगी पडणारे कोरंडम नसून एक मऊ, बिनकामाचा खडक निघाला होता. खाण वाया गेल्यावर कंपनी बाहेरचा माल विकत घेऊन सँडपेपर, म्हणजे आपल्या सुतारांचा पॉलिश पेपर, बनवू लागली. तोही धड होत नव्हता.

१९१४ मध्ये मॅक्नाइट जनरल मॅनेजर झाले आणि त्याच सुमारास गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस सुरू झाला. कागदावरचे गार्नेटचे कण वापरता वापरता गळून पडत होते. शोध घेता घेता कारण सापडले ते चक्रावून टाकणारे होते. स्पेनहून आलेल्या गार्नेटच्या गोण्यांवर बोटीतच ऑलिव्ह तेल सांडले होते. कण पाण्यात टाकले, तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि गूढ उकलले. गार्नेट भाजून तेल घालवण्यात आले. पण मॅक्नाइट तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१६ मध्ये त्यांनी कंपनीत प्रयोगशाळा सुरू केली. दोष माल बाजारात गेल्यावर नव्हे, त्याआधी सापडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. हिशेबनीसाला शोभेल असाच तो होता म्हणा.

१९२९ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले, १९४९ ते १९६६ या काळात संचालक मंडळाचे प्रमुख होते. पाण्यात वापरता येणारा सँडपेपर, मास्किंग टेप, स्कॉच टेप ही सारी त्यांच्या कारकिर्दीतील उत्पादने. हाताखालच्या माणसाने चूक केली तरी त्याला प्रयोग करू द्यावेत, हे त्यांचे धोरण व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत अजूनही शिकवले जाते.

घोडे त्यांच्या आयुष्यात आले ते उतारवयात. सत्तरीच्या आसपास त्यांनी फ्लोरिडातील ओकाला येथे स्टड फार्म उभारला आणि त्याला नाव दिले टार्टन फार्म्स. टार्टन म्हणजे स्कॉटिश लोकांचे चौकड्यांचे कापड. थ्री एमच्या ‘स्कॉच’ नाममुद्रेशी नाते सांगणारे हे नाव. फार्मची सूत्रे जॉन नेरुड या मुरब्बी ट्रेनरकडे होती. १९६४ मध्ये जन्मलेल्या एका शिंगराला नेरुड यांनी आपल्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या बोस्टनच्या डॉक्टरांचे नाव दिले: डॉक्टर फेगर. १९६८ च्या ऑगस्टमध्ये शिकागोजवळील आर्लिंग्टन पार्कवर या घोड्याने पाठीवर १३४ पौंड, म्हणजे जवळजवळ ६१ किलो वजन घेऊन एक मैलाचे अंतर १ मिनिट ३२.२ सेकंदांत कापले. हा विक्रम दीर्घकाळ अबाधित होता. तो साध्या मातीवर झाला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कारण माती हीच मॅक्नाइट यांची अडचण होती. आपल्याकडे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती गवतावर होतात, त्यामुळे अमेरिकेतील हा वाद आपल्याला काहीसा अपरिचित. तेथे मोठ्या शर्यती प्रामुख्याने मातीवर होतात. पाऊस पडला की तिचा चिखल होतो, ऊन पडले की ती कडक होते आणि एकाच वळणावर दोन ठिकाणी तिची खोली वेगळी भरते. साडेचारशे ते पाचशे किलोचे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळताना एका पायावर क्षणभर स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार घेते. त्यात खुराखालची जमीन फसवी निघाली की हाड मोडते. पाय मोडलेला घोडा उरलेल्या तीन पायांवर फार काळ उभा राहू शकत नाही. बहुतेक वेळा त्याला जागीच मारावे लागते. ज्याने गोणीतले तेल शोधून काढले, त्या माणसाला हा दोष असह्य वाटला असेल तर नवल नाही.

थ्री एमच्या रसायनतज्ज्ञांनी पॉलियुरेथेनपासून रबरासारखा, सर्वत्र सारख्याच जाडीचा थर तयार केला. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ‘द मेडोज’ या रेसकोर्सवर तो प्रथम अंथरला गेला. तेथे हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती होत. पुढे फ्लोरिडातील ट्रॉपिकल पार्कवर त्याचा प्रयोग झाला आणि १९७१ मध्ये मायामीच्या उत्तरेस काल्डर रेसकोर्स सुरू झाले, तेव्हा त्यातील प्रमुख गुंतवणूकदार असलेल्या मॅक्नाइट यांच्या कंपनीचाच कृत्रिम पृष्ठभाग तेथे होता. पाऊस कितीही पडो, शर्यत रद्द होण्याचे कारण उरणार नव्हते.

कागदावर सारे बिनचूक होते. पण घोड्याचा खूर जमिनीवर टेकतो, तेव्हा तो थोडा पुढे घसरतो आणि थोडा रुततो. त्या घसरण्यातच धक्क्याचा बराच भाग जिरतो. घट्ट बांधलेला रबरी थर खुराला घसरू देत नाही, जागच्या जागी धरतो. ट्रेनर आणि जॉकी यांना तो पटला नाही. शर्यतींच्या जगाने टार्टन नाकारले. सँडपेपरमध्ये कण पक्का चिकटून राहणे हाच गुण होता; येथे तोच अवगुण ठरला, असे मला वाटते.

माणसाचे तसे नव्हते. खिळ्यांचे बूट घातलेल्या धावपटूला नेमकी तीच पकड आणि तोच उसळता प्रतिसाद हवा होता. मेक्सिकोनंतर कोळशाच्या धावपट्ट्या जागतिक स्पर्धांतून नाहीशा झाल्या. टार्टनची एक काळी बाजूही पुढे आली: त्यात पाऱ्याची संयुगे वापरलेली असल्याने अमेरिकेतील काही शाळांच्या व्यायामशाळांतील जमिनी पुढे काळजीचा विषय ठरल्या.

४ मार्च १९७८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मॅक्नाइट निवर्तले. पत्नी मॉड यांच्यासह १९५३ मध्ये त्यांनी स्थापन केलेले प्रतिष्ठान आजही कार्यरत आहे. टार्टन फार्म्स १९८७ मध्ये विकले गेले. तेथेच जन्मलेल्या अनब्रायडल्डने १९९० ची केंटकी डर्बी जिंकली.

त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र तेथेच मिटला नाही. रबरी गालिचाऐवजी मेण लावलेली वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे यांचे सैल मिश्रण पुढे आले. पॉलिट्रॅक आणि टॅपेटा ही त्याची रूपे. यात खूर घसरतो आणि रुततोही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने मोठ्या रेसकोर्सना पुढील वर्षाच्या अखेरपर्यंत असा पृष्ठभाग बसवण्याचा आदेश दिला. सांता अनिता येथे पाण्याचा निचराच होईना आणि २०१० च्या अखेरीस तेथे पुन्हा माती आली. केंटकीतील कीनलंडनेही २०१४ मध्ये मातीच पत्करली. मातीवरच्या वेगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निपजवलेले घोडे, मातीवरच्या निकालांचा हिशेब मांडणारे पंटर, पाठीमागचे स्नायू दुखावतात अशी ट्रेनरांची तक्रार, हे सारे कृत्रिम पृष्ठभागाच्या विरोधात होते. त्याच्या बाजूला आकडे होते. अमेरिकेत २००९ पासून झालेल्या देशव्यापी नोंदींत दर हजार धावांमागे घोडे दगावण्याचे प्रमाण कृत्रिम पृष्ठभागावर मातीपेक्षा सातत्याने कमी भरले. २०१९ मध्ये त्याच सांता अनिताच्या हंगामात तीसच्या आसपास घोडे दगावले आणि वाद पुन्हा पेटला.

२०२१ मध्ये फ्लोरिडातील गल्फस्ट्रीम पार्कने गवत व माती यांच्या जोडीला टॅपेटाची तिसरी धावपट्टी सुरू केली. तेथून काल्डर फार दूर नाही. काल्डरची प्रेक्षक गॅलरी त्याआधीच पाडली गेली होती आणि २०२० मध्ये तेथील शर्यतीही बंद झाल्या होत्या.