खरे-खोटे यांच्या पलीकडे पाहणारे तूसी

मी आत्ता बोलतो आहे ते खोटे आहे, असे कोणी म्हणाले तर त्याचे म्हणणे खरे मानायचे की खोटे? खरे मानले तर ते खोटे ठरते आणि खोटे मानले तर खरे! ग्रीकांच्या काळापासून विद्वानांना छळणाऱ्या या कोड्याला तेराव्या शतकात हात घातला तो नसीरुद्दीन तूसी यांनी.

इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे १२०१ साली त्यांचा जन्म झाला. मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्यांनी बरीच वर्षे इस्माइली किल्ल्यांत राहून ग्रंथरचना केली. १२५६ मध्ये अलमूतचा किल्ला पडला आणि हुलागू खानाने त्यांना आपल्या पदरी ठेवले. १२५९ मध्ये मराघा येथे वेधशाळेचे काम सुरू झाले. तूसी तिचे प्रमुख होते. त्रिकोणमितीला खगोलशास्त्रापासून वेगळे करून स्वतंत्र शास्त्राचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

प्रत्येक विधान खरे तरी असते किंवा खोटे तरी, हा तर्कशास्त्राचा जुना नियम. म्हणून समकालीन पंडित अबहरी यांनी कोड्यातील वाक्य खोटे ठरवले होते. तूसींना ते पटले नाही. विधान ज्या गोष्टीविषयी असते, तिच्याशी ताडून त्याचा खरेखोटेपणा ठरतो. पण जे वाक्य फक्त स्वतःलाच खोटे म्हणते, ते ताडायचे कशाशी? तेव्हा त्याला खरे वा खोटे म्हणणेच गैरलागू, असा निवाडा त्यांनी दिला.

वाद तिथे मिटला नाही. दोनचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. अशा मुळाला अरबी गणिती बहिरे मूळ म्हणत. पुढच्या शतकात तफ्ताजानी यांनी या कोड्यालाही तेच नाव वापरले. खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र पोलंडच्या लुकासिएविच यांनी मांडले ते १९२० मध्ये.

१२७४ मध्ये बगदादला तूसींचे निधन झाले. १२५८ मध्ये हुलागूने हेच बगदाद उद्ध्वस्त केले, तेव्हा ते त्याच्या सोबत होते. त्यामुळे कोणी त्यांना दगाबाज म्हणतो, तर कोणी विद्येचा रक्षणकर्ता. घाईने एक बाजू घेण्याआधी, आपला प्रश्न तरी नीट विचारला आहे का, हे तपासावे. तूसींनी त्या कोड्याच्या बाबतीत नेमके तेच केले होते.