क्रांतिसिंह नाना पाटील

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. परंतु पूर्वी कृष्णाकाठचा यांतील बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. याच मुलखात, वाळवे तालुक्यात, येडे मच्छिंद्र हे नाना पाटील यांचे गाव. ३ ऑगस्ट १९०० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते तलाठी झाले. सारा व सावकारी यांच्या ओझ्याखाली वाकलेला कुणबी त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाला. सत्यशोधक विचारांचा संस्कारही त्यांच्या मनावर झाला होता. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी सरकारी नोकरीचा त्याग केला आणि स्वातंत्र्ययुद्धात उडी घेतली.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. पुढच्याच वर्षी साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावच्या तंट्यांचा निवाडा करणे, गुंडांचा बंदोबस्त करणे, कमी खर्चात विवाह घडवून आणणे अशी कामे प्रतिसरकारने केली. त्याच्या रक्षणासाठी तुफान सेना होती. ब्रिटिशांना नाना पाटील अखेरपर्यंत सापडले नाहीत. १९४६ साली ते प्रकटपणे लोकांसमोर आले, तेव्हा जनतेने त्यांना क्रांतिसिंह म्हणून गौरविले.

स्वातंत्र्य आले, तेव्हा सत्ता काँग्रेसच्या हाती आली. नानांसारख्या लोकप्रिय पुढाऱ्याला त्या पक्षात मानाचे स्थान मिळणे कठीण नव्हते. परंतु राज्य बदलले तरी कुळाची जमीन कुळाची होणार काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती नेतेही याच विचाराचे होते. प्रारंभी काँग्रेसमध्येच राहून शेतकरी व कामगार यांची संघटना बांधावी, असा त्यांचा प्रयत्न होता. पक्षांतर्गत वेगळी संघटना श्रेष्ठींना मान्य नव्हती. तेव्हा १९४८ साली हे नेते बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष हा स्वतंत्र पक्ष म्हणून उभा राहिला.

कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळावी, जमीनदारी नष्ट व्हावी, शेतमालास रास्त भाव व श्रमास योग्य मोबदला मिळावा, हे या पक्षाचे धोरण होते. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी विचारांचा उघडपणे स्वीकार केला. पण लवकरच मतभेद वाढले. नाना पाटील व दत्ता देशमुख यांनी कामगार किसान पक्ष काढला. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. नाना पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र हे दुरावलेले पक्ष एकाच समितीत एकत्र आले. त्या वातावरणात, १९५७ साली, साताऱ्याने नानांना लोकसभेवर पाठविले. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी कुळांना जमिनीचे मालक मानणारी कायद्याची तरतूद मुंबई राज्यात अमलात आली. १९६७ साली नाना बीडमधून पुन्हा निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

शेतकरी कामगार पक्षाला स्वबळावर राज्याची सत्ता कधीच मिळाली नाही; परंतु कष्टकऱ्याचे गाऱ्हाणे विधानसभेत मांडणारा विरोधी पक्ष म्हणून त्याने दीर्घकाळ काम केले. नानांनी पक्ष बदलले. कुणब्याची बाजू मात्र सोडली नाही. स्वराज्य गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोचले पाहिजे, हाच त्यांच्या जीवनाचा ध्यास होता.