बनारसच्या फळ्यावरचे विश्व

खगोलशास्त्रज्ञ म्हटले की डोळ्यांपुढे भलीमोठी दुर्बीण येते. विष्णू वासुदेव नारळीकर यांच्या हाती मात्र आयुष्यभर खडू आणि कागदच होता. विश्वाच्या रचनेचा अभ्यास त्यांनी गणिताने केला. आज नारळीकर म्हटले की जयंतराव आठवतात. त्यांच्या वडिलांचे काम तितके परिचित नाही.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते १९२८ मध्ये पदवीधर झाले आणि शिष्यवृत्त्यांच्या बळावर केंब्रिजला गेले. तेथे रँग्लर झाले, खगोलशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना टायसन पदकही मिळाले. तो काळ या शास्त्रासाठी मोठ्या उलथापालथीचा होता. आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत १९१५ चा; दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवलेले. सूर्यग्रहणाच्या वेळी आइन्स्टाइन यांचे म्हणणे तपासून पाहणारे एडिंग्टन केंब्रिजमध्येच होते.

अशा ठिकाणी राहण्याचा मोह कुणालाही झाला असता. परंतु पंडित मदनमोहन मालवीयांचे बोलावणे आले आणि १९३२ मध्ये, पंचविशीही गाठली नसताना, विष्णुपंत बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. सापेक्षतेवर संशोधन करणारे भारतात तेव्हा मोजकेच होते.

बनारसमध्ये काय घडले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रल्हाद चुनीलाल वैद्य. हा गुजराती तरुण १९४२ मध्ये पत्नी व तान्ह्या मुलीसह, साठवलेल्या पैशांवर बनारसला आला. विष्णुपंतांनी त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवला. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्येच मांडले होते, पण त्यात ताऱ्याबाहेर पूर्ण पोकळी गृहीत धरली होती. खरा तारा तर प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटते. आपला सूर्यच प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. मग अशा ताऱ्याभोवतीचे गणित कसे असेल? वैद्यांनी ते सोडवले आणि १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापले. महायुद्धाच्या धामधुमीत जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. १९६३ मध्ये क्वेसारचे गूढ पुढे आले, प्रचंड ऊर्जा कोठून येते याचा शोध सुरू झाला आणि संशोधक ‘वैद्य मेट्रिक’कडे वळले.

के. आर. करमरकर यांच्यासह विष्णुपंतांनी केलेल्या कामाचीही हीच गत झाली. ताप सेल्सियसमध्ये मोजा की फॅरनहाइटमध्ये, रुग्णाची अवस्था बदलत नाही. तसेच मोजण्याची पद्धत बदलली तरी न बदलणाऱ्या, अवकाश-काळाच्या वक्रतेच्या १४ राशींचा संच या दोघांनी चाळीसच्या दशकात भारतीय नियतकालिकात मांडला. पुढे याच प्रश्नावर परदेशात पुन्हा काम झाले. बनारसच्या निबंधाची आठवण अभ्यासकांना उशिरा झाली.

ही त्या निवडीची किंमत होती. केंब्रिजमध्ये छापलेले लगेच वाचले जाई, बनारसचे पोचायला वेळ लागे. पण दुसरी बाजूही आहे. विष्णुपंत परतले नसते, तर १९४२ मध्ये वैद्य कुणाचे दार ठोठावणार होते?

१९६० पर्यंत ते बनारसला राहिले. नंतर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळून १९६६ मध्ये पुणे विद्यापीठात परतले आणि १९७३ पर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या साठीनिमित्त १९६९ मध्ये अहमदाबादला जमलेल्या अभ्यासकांनी सापेक्षता व गुरुत्वाकर्षणाची भारतीय संघटना स्थापन केली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज संशोधकाची योग्यता निबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी घेतलेल्या दखलेवरून ठरते. या मापाने १९५० मध्ये विष्णुपंतांचे पारडे हलकेच भरले असते. आपल्याला सुचलेला प्रश्न शिष्याच्या हाती द्यायचा आणि उत्तराला शिष्याचे नाव लागू द्यायचे, या मोठेपणाची नोंद कोणत्याच यादीत होत नाही. गाव-तालुक्याच्या महाविद्यालयांत आजही असे शिक्षक असतात. त्यांचे माप त्यांच्या विद्यार्थ्यांकडे पाहूनच घ्यावे लागते.